९९८ कोणाचा? योक्टोतल्या एका यूजरने खाल्लेले तीन दिवस

योक्टो म्हणजे उपकरणांसाठी हवी तशी लिनक्स इमेज बनवायची साधनं. त्याच्या रेसिपीत (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) सर्व्हिससाठी स्वतंत्र यूजर बनवणं पाच मिनिटांचं काम. यूजरअ‍ॅड क्लास इनहेरिट करायचा, यूजर कोणत्या पॅकेजसोबत जाणार ते सांगायचं आणि नेहमीच्या यूजरअ‍ॅड कमांडचे ऑप्शन लिहून टाकायचे. डू-इन्स्टॉलच्या टप्प्यात चोन, म्हणजे फाइलचा मालक बदलणारी कमांड. इमेज बनली, बोर्ड बूट झाला, आमचा 'सेन्सर' यूजर गुण्यागोविंदाने नांदू लागला.

मग इमेजमध्ये एमक्यूटीटी ब्रोकर (उपकरणांचे संदेश इकडून तिकडे पोचवणारी सर्व्हिस) आला आणि आम्ही ओटीए, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं अपडेट सोडलं. नशिबाने आधी चाचणीच्या बोर्डांवरच. सेन्सरची सर्व्हिस उठेचना. लॉगमध्ये एकच रड: परमिशन डिनाइड. डेटा पार्टिशनवर जाऊन फाइलचे मालक दाखवणारं एलएस -एल मारलं, तर आमच्या डेटाबेसचा मालक चक्क ब्रोकर!

माझं डोकंच फिरलं. कोणीतरी चोन मारलाय, असं ठरवून मी सगळ्या लेयरमध्ये (रेसिपींचे गट) चोन शोधत बसलो. ब्रोकरची रेसिपी तीनदा वाचली. युनिट फाइल, बूट स्क्रिप्ट, अपडेटचे हुक, सगळं चाळलं. कुठेच काही नाही. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यावर उगाच संशयही घेतला (त्याची माफी मागून झाली आहे). जुना बोर्ड फॅक्टरी रिसेट करून अपडेट केला, की सगळं सुरळीत. हे तर आणखीच चीड आणणारं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वैतागून दोन बोर्ड शेजारी ठेवले, एक जुन्या इमेजचा, एक नव्या. यावेळी हात सवयीने एलएस -एलएनवर गेला, म्हणजे नावाऐवजी आकडे. दोन्हीकडे ९९८. फाइलला कोणी हातही लावला नव्हता! जुन्या पासवर्ड फाइलमध्ये (कोणता आकडा कोणत्या यूजरचा, ती यादी) ९९८ म्हणजे सेन्सर; नव्यात ९९८ म्हणजे ब्रोकर, आणि सेन्सर घसरून ९९७ वर.

सिस्टम यूजरला आकडा ठरवून दिला नाही, तर यूजरअ‍ॅड ९९९ पासून खाली मोकळा आकडा उचलतो. नवं पॅकेज आधी बसलं, त्याने ९९८ पटकावला. रूटफाइलसिस्टम (सिस्टमच्या फाइल, पासवर्ड फाइलसकट) दर अपडेटला नवी येते, डेटा पार्टिशन मात्र जुनंच राहतं, आणि फाइलसिस्टमला नाव कळत नाही, आकडाच कळतो. मी तीन दिवस नावं वाचत होतो.

उपाय योक्टोतच आहे: यूजरअ‍ॅड-स्टॅटिकआयडीज. डिस्ट्रोच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते चालू करायचं आणि पासवर्ड फाइलच्याच धाटणीच्या तक्त्यात नाव आणि आकडा लिहायचा. ग्रुपांचा तक्ता वेगळा असतो, तो मी पहिल्यांदा विसरलो. आकडा नसलेला यूजर दिसला तर एरर द्या, हे सेटिंगही लगेच लावा. मात्र ते लावल्यावर रेसिपी वाचल्या जातानाच गळतात आणि बिल्ड चालवणारा बिटबेक 'नथिंग प्रोव्हाइड्स' म्हणून ओरडतो; घाबरू नका, पुढे वाचलं की खरं कारण सापडतं. हे मध्येच चालू केलं म्हणून टीएमपी डिरेक्टरी पुसून पूर्ण बिल्ड केलं. वेळ खाणारं, पण जुन्या-नव्या आकड्यांची खिचडी नको होती.

नवे सुबक आकडे द्यायचा मोह मलाही झाला होता. पण बाहेर गेलेल्या डिव्हाइसेसच्या फाइल ९९८ च्या आहेत, म्हणून सेन्सरला ९९८ च दिला आणि ब्रोकरला खालचा. आकडा बदलणं अगदीच टळत नसेल, तर पहिल्या बूटला एकदाच मालकी दुरुस्त करणारी सर्व्हिस लागेल.

आणि हो, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: योक्टो ३.४ पासून ओव्हरराइडला, म्हणजे व्हेरिएबलला पॅकेजचं नाव जोडताना, अंडरस्कोरऐवजी कोलन लागतो. जुन्या रेसिपीत अंडरस्कोर राहिला, तर 'पॅरम (यूजर बनवायचे ऑप्शन) दिलंच नाही' अशी एरर येते. समोर दिसतंय ना दिलेलं, म्हणून त्यातही माझा अर्धा तास गेला होता.