कब कॅडेट १२२ : टाकीच्या टोपणापासून कार्ब्युरेटरच्या सुईपर्यंत

कब कॅडेट १२२ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६५ ते १९६७ या काळात अमेरिकेत बनवलेला बागेचा ट्रॅक्टर. त्यात कोहलरचं के-३०१ हे एका सिलिंडरचं, १२ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आहे. माझ्याकडच्या ट्रॅक्टरचं इंजिन थंड असताना झटक्यात सुरू व्हायचं, उभ्या जागी नीट चालायचं. पण गवत कापायला लागलं की थोड्या वेळाने आचके देऊन बंद पडायचं आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. मी टोपणापासून खाली येत गेलो. पेट्रोल कुठेही अडलं तरी परिणाम कार्ब्युरेटरमध्येच दिसतो, म्हणून तो उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

मुळात दोष पेट्रोलचाच आहे ना, हे आधी ठरवावं लागतं. कारण प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापला तरी हुबेहूब असाच त्रास होतो. इंजिन मरू लागताच चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ, अर्धा ओढायचा. जीव धरला तर पेट्रोल कमी पडतंय. किल्ली फिरवल्यासारखं एकदम बंद झालं, तर दोष ठिणगीचा: पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच), कंडेन्सर आणि कॉइल तपासायची. बंद पडल्या पडल्या प्लग काढून पाहिला की खात्री होते: कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही. माझा कोरडा होता.

काम उघड्यावर, इंजिन थंड करून आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच करायचं. या ट्रॅक्टरला पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर आहे आणि त्याच्या ब्रशजवळ ठिणग्या उडतात.

टाकी इंजिनच्या मागे उंचावर बसवलेली आहे, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं, पंप नाही. त्यामुळे टोपणातलं हवेचं बारीक छिद्र गंजाने किंवा धुळीने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह हळूहळू आटतो. यासाठी प्रवाहाची चाचणी सगळ्यात उपयोगी. कार्ब्युरेटरकडची नळी सोडून काचेच्या बरणीत धरायची, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि घड्याळ लावून निदान तीन मिनिटं वाहू द्यायचं. पूर्ण भारावर हे इंजिन ताशी चारेक लिटर पेट्रोल पितं असा माझा हिशेब आहे, म्हणजे मिनिटाला ६५-७० मिलिलिटर. बरणीत मिनिटाला २०० मिलिलिटर पडलं तर चिंता नाही. चाचणी एकदा टोपण घट्ट लावून आणि एकदा सैल करून घ्यायची. दोन्हींत फरक पडला तर दोष टोपणाचा. दोन्ही वेळा धार सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक झाली, तर अडथळा खाली आहे. मी घेतली तेव्हा हेच दुसरं चित्र दिसलं.

टाकीखालच्या काचेच्या वाटीत तांबूस गाळ होता आणि वरच्या जाळीवर जुन्या पेट्रोलचा चिकट थर. वाटी आणि जाळी थिनरने साफ करून पॅकिंग नवीन घातलं. जुनं पॅकिंग उलटवून परत बसवू नये, तिथून पेट्रोल पाझरतं. पण गाळ टाकीतून येत असेल, तर वाटी धुणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. टाकी उतरवली, रिकामी केली, मूठभर नट आणि साधं पांढरं व्हिनेगर घालून अधूनमधून हलवत दिवसभर ठेवली. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवली आणि ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आतून फिरवलं. हे शेवटचं राहिलं तर उघड्या पत्र्यावर काही तासांत नवा गंज धरतो.

नळीकडे फार कमी लोक लक्ष देतात. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण इथेनॉलमुळे आतला थर सुटतो आणि झडपेसारखा कधी मिटतो, कधी उघडतो. अमेरिकेत पंपावर सहसा १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. महाराष्ट्रात आता २० टक्क्यांचं आहे, त्यामुळे तिकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांनीही नळी कापून आतून पाहावी. मी पाव इंच आतल्या व्यासाची, इथेनॉलला टिकणारी नवी नळी घातली, उतार कुठेही उलटा होऊ न देता आणि सिलिंडर हेडपासून दूर ठेवून. फिल्टर घालायचाच असेल तर पंपाविना चालणाऱ्या इंजिनासाठीचा, ७५ ते १५० मायक्रॉन जाळीचा घ्यावा. इंजेक्शनच्या गाडीचा बारीक फिल्टर इथे स्वतःच अडथळा होतो.

एवढ्यावर भरपूर धार येऊ लागली, म्हणून मग कार्ब्युरेटर उतरवला. इंजिनचा वेग स्थिर ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग कोणत्या छिद्रात आहे याचा फोटो आधी काढायचा. पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून आत येणारी वाट सुईने बंद करणारा पोकळ डबा, कानाशी हलवून पाहायचा, मग गरम पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले तर तो गळका. बॉडी उलटी धरली की फ्लोटचं मोकळं टोक आणि बॉडीचा सपाट भाग यांत साडेचार ते पाच मिलिमीटर अंतर हवं. मी ३/१६ इंची ड्रिल बिटचा दांडा सरकवून मोजतो. कमी-जास्त करायचं तर फ्लोटची छोटी पट्टी वाकवायची, फ्लोट त्याच्या सुईवर दाबून नाही. बारीक वाटांत कार्ब क्लीनर मारताना चष्मा हवाच. तिथे स्टीलची तार घालू नये, छिद्र मोठं झालं की कायमचं बिघडतं.

आता पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या, बाहेरून फिरवता येणाऱ्या दोन सुया: मेन (भारावर चालताना) आणि आयडल (मंद चालताना). त्या हलक्या हाताने बसेपर्यंत पिळून मेन सुई दोन फेरे आणि आयडलची सव्वा फेरा उघडायची. ही फक्त सुरुवात. नेमकं सेटिंग इंजिन तापल्यावर, पूर्ण थ्रॉटलला: मेन सुई आत घेत आवाज मंदावतो ती जागा, मग बाहेर घेत काळा धूर येऊन इंजिन जड होतं ती जागा, आणि सुई मधोमध, किंचित बाहेरच्या बाजूला. त्यानंतर गवतात घालून पाहायचं. भार आल्यावर आचका बसला, तर मेन सुई एक अष्टमांश फेरा आणखी बाहेर. इंजिनचा वेग सतत कमी-जास्त होत राहिला, तर कार्ब्युरेटरमधल्या थ्रॉटलच्या (वेगाच्या झडपेच्या) दांड्याशी कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारायचा, तोही तापलेल्या सायलेन्सरपासून जपून. वेग बदलला तर दांडा झिजून तिथून हवा शिरते आहे. मग सुई कितीही फिरवली तरी उपयोग नाही, दांडा ज्यात फिरतो ते बुश नवे घालावे लागतात.