तामश्याच्या डोक्यातले खडे

रविवारी आईने मडगावच्या बाजारातून तामसो आणला. आम्ही घरात मराठी बोलतो, पण मासळीची नावं कोकणीच. विळीवर डोकं चिरताना तिने नेहमीप्रमाणे दोन पांढरे खडे बाजूला काढले आणि धुऊन माझ्या तळहातावर ठेवले. "घे गो, तुझे."

हे माशाच्या कानातले खडे. पिल्लू असताना त्यांच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा रोज एक थर चढतो. पिल्लू आधी उघड्या समुद्रात वाहत राहतं; मग प्रवाळाच्या खडकावर राहायला उतरतं तेव्हा थरांची ठेवण बदलते, म्हणून बाहेर समुद्रात किती दिवस काढले ते मोजता येतं. क्लाउनफिशचे साधारण १०-१२, काही जातींचे महिना-दोन महिने.

या दिवसांचंच मी गणित मांडतेय. आधी पिल्लांना नुसते कण धरलं: प्रवाह नेईल तिकडे जायचं, वर थोडी यादृच्छिक हालचाल. आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. सेकंदाला १० सेंटिमीटर वेग धरला तर दिवसाला साडेआठ किलोमीटर, २० दिवसांत १७० च्या वर. गोव्याच्या ग्रांडे बेटावरून हिवाळ्यात सोडलेले माझे कण मालवण ओलांडून कुठच्या कुठे गेले. स्क्रीनवर ते ठिपके जाताना बघून जीव खालीवर झाला.

पण पिल्लू म्हणजे ओंडका नव्हे. त्याला ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळ सागरी जीवशास्त्रज्ञ स्टीफन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या प्रवाळाचे छोटे ढीग रचले आणि काहींवर रात्री स्पीकरवरून जिवंत खडकाचा आवाज लावला, म्हणजे कोळंब्यांची कडकड आणि माशांचे आवाज. त्या ढिगांवर जास्त पिल्लं उतरली. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. शिवाय उतरायच्या वयाला आलेली अनेक जातींची पिल्लं सेकंदाला २० सेंटिमीटरहून जोरात पोहतात, म्हणजे माझ्या प्रवाहाच्या दुप्पट!

मग समीकरणात एक पद वाढवलं: आवाज कानी पडण्याइतकं जवळ असेल, तर दर पावलाला तोंड थोडं तिकडे वळव. अगदी थोडंच, कारण वळण जोरात दिलं की ते पिल्लू राहत नाही, बाण होतो. तेवढ्यावर बेटाच्या आसपास रेंगाळणारे ठिपके एकेक करून कडेला लागले. मी आईला हाक मारून दाखवलं.

आता मुरगाव बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांची घरघर घालायची आहे. त्या घरघरीत कोळंब्यांची कडकड किती अंतरापर्यंत ऐकू येईल, तेवढाच आकडा बदलायचा. तो घातल्याशिवाय हे मॉडेल मी कुणाच्या हातात देणार नाही.