यीस्ट, पेरॉक्साइड आणि मायटोकॉन्ड्रिया – एमएस्सी प्रोजेक्टचा माझा अनुभव

शेवटच्या सेमला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर (म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या आक्रमक रेणूंचा पेशीला बसणारा मार) प्रोजेक्ट घ्यायचाय आणि कॉलेजच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह, स्पेक्ट्रोफोटोमीटर याच्यापुढे फारसं काही नाही, अशांसाठी लिहितेय. माझं सगळं काम नाशिकमध्येच झालं आणि एवढ्याच सामानावर मायटोकॉन्ड्रियाबद्दल, म्हणजे पेशीतल्या एनर्जी बनवणाऱ्या भागांबद्दल, बरंच काही स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं.

आमच्याकडे बहुतेक जण द्राक्षाच्या बियांचा नाहीतर सालीचा अर्क काढून डीपीपीएच (जांभळ्या रसायनावरची अँटिऑक्सिडंट टेस्ट) करतात, निम्मी मुलं निफाड-दिंडोरीची असल्यामुळे सॅम्पल घरच्या बागेतूनच येतं, जांभळा रंग उतरला की ॲक्टिव्हिटी लिहायची आणि झालं. त्यात वाईट काही नाही, पण मला त्यात पेशीच कुठे दिसत नव्हती. बाहेरून कुणी अँटिऑक्सिडंट आणून देईल म्हणून पेशी काही वाट बघत बसत नाही ना, तिचे स्वतःचे प्रोटीन्स आधीपासून कामाला लागलेले असतात, मला ते बघायचे होते. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "मग यीस्ट घे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घालवला तरी ते साखरेवर जगतं, असं दुसरं काही स्वस्तात मिळणार नाही तुला."

थोडी थिअरी सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावरून इलेक्ट्रॉन पुढे पुढे जात असतात, त्यातले थोडे मध्येच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, तयार होतं. आत बसलेलं मँगनीजवालं एसओडी-2 नावाचं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग पेरॉक्सिरेडॉक्सिनसारखे प्रोटीन्स त्याचं पाणी करतात. हे वेळेत झालं नाही आणि पेरॉक्साइडला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि ते समोर येईल त्याला लागतं, डीएनए असो, लिपिड असो. एसओडी-2 किती गरजेचं आहे बघा, 1995 मध्ये ज्या उंदरांमधून ते जीन काढलं ती पिल्लं जन्मानंतर दहा दिवसांच्या आत गेली. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे हे बचाव करणारे प्रोटीन्स मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर नसतातच, ती जीन्स न्यूक्लियसमध्ये असतात, प्रोटीन बाहेर बनतं आणि टॉम-टिम नावाच्या दारांमधून आत ओढून घेतलं जातं.

आता प्रत्यक्ष काम. रविवार कारंजावरून बेकरीवाले घेतात तेच ड्राय यीस्ट आणलं, स्ट्रीक करून एकच कॉलनी उचलली आणि तिथून सगळं वाढवलं. त्यातलं थोडं इथिडियम ब्रोमाइडमध्ये वाढवलं की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जातो, अशा पेशींना पेटीट म्हणतात. (ग्लोव्ह्ज डबल घाला आणि तो कचरा वेगळाच ठेवा, यात चालढकल नको.) पेटीट झालं की नाही हे बघायला प्लेटवर टीटीसीचा (श्वसन चालू असलेल्या पेशींत लाल होणारं रसायन) अगार ओततात, आणि हा भाग मी कधीच विसरणार नाही. ओतल्यावर पहिले काही मिनिटं काहीच होत नाही, मग हळूहळू नॉर्मल कॉलन्या कडेने गुलाबी व्हायला लागतात, नंतर पार लाल, आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या पेटीट कॉलन्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहतात. श्वसन चालू आहे का बंद आहे ते सरळ रंगातच दिसतं. पक्की खात्री ग्लिसरॉलच्या प्लेटवर, ग्लिसरॉलवर वाढायला श्वसन लागतंच, म्हणून तिथे पेटीट उगवतच नाही.

मग दोन्ही यीस्ट 600 नॅनोमीटरला सारख्या ओडीवर (म्हणजे सारख्या गढूळपणावर) आणून पेरॉक्साइड द्यायचं, दहापट दहापट पातळ करायचं आणि प्लेटवर थेंब ठेवायचे. पेरॉक्साइडची बाटली जुनी असेल तर तिचा जोर उतरलेला असतो, म्हणून दर वेळी 240 नॅनोमीटरला रीडिंग घेऊन तो किती आहे ते बघा. आणि पेटीट मुळातच हळू वाढतं, त्यामुळे प्लेट एक दिवस जास्त ठेवूनच मोजा, नाहीतर हळू वाढलेल्याला तुम्ही मेलेलं समजाल. रिझल्ट स्पष्ट होता, नॉर्मल यीस्ट शेवटच्या थेंबापर्यंत दिसत होतं आणि पेटीट पहिल्या एकदोन थेंबांतच संपलं. अजून एक करून बघितलं, नॉर्मल यीस्टला आधी अगदी थोडं पेरॉक्साइड दिलं आणि मग मोठा डोस, तर सरळ मोठा डोस दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलं. यीस्टमध्ये याप-1 नावाचं प्रोटीन असतं, पेरॉक्साइड आल्याचं कळलं की ते न्यूक्लियसमध्ये जमा होतं आणि बचावाची जीन्स चालू करतं. म्हणजे थोडं आलं तर ते विष नसून वर्दी असते, आधी वर्दी मिळालेलं यीस्ट तयारीत असतं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बरोबर गाभ्यालाच हात घातला. "अगं, इलेक्ट्रॉन चेनमधूनच सुपरऑक्साइड निघतं ना? पेटीटमध्ये ती चेनच नाही, मग ते जास्त टिकायला पाहिजे, मरतंय कसं?" मी सांगितलं की सर, इथे पेरॉक्साइड आपण बाहेरून देतोय, त्यामुळे आतली गळती किती यापेक्षा आलेला मार निस्तरायला एनर्जी आहे का हे महत्त्वाचं. बिघडलेले प्रोटीन्स काढायचे, डीएनए दुरुस्त करायचा, नवे प्रोटीन्स बनवायचे, सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीची एनर्जी, लागतो, आणि प्रोटीन आत ओढायला पडद्यावरचा विद्युतभारही लागतो जो पेटीटमध्ये कमी असतो. सर म्हणाले, "मग तुझ्या पेटीटमध्ये एसओडी-2 कमी पोचतंय का, ते मोजलंस?" ते माझ्या प्रोजेक्टमध्ये नव्हतं, तसंच सांगितलं. माझी ज्युनियर आता तेच करतेय, पेटीट आणि नॉर्मल दोघांमधून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून एनबीटी नावाच्या रंग बदलणाऱ्या रसायनाने एसओडी बघायचं, सेंट्रिफ्यूज दुसऱ्या डिपार्टमेंटकडून मागून घेतलाय.