दोन याद्यांमधली एक वाघीण

माथनगुरीच्या बंगल्यावरून खाली मानस नदी दिसते आणि नदीपलीकडे भूतानचं जंगल. आसाममधलं आमचं मानस राष्ट्रीय उद्यान मूळ ५०० चौरस किलोमीटरचं, त्याला लागूनच भूतानचं रॉयल मानस, १,०५७ चौरस किलोमीटरचं. मध्ये वाघाला अडवेल असं काही नाही. मी मूळची चंद्रपूरची. वाघांच्या गणनेसाठी तीन हिवाळे तिथे कॅमेरे लावले. त्यातला फेब्रुवारीतला एक दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

त्या दिवशी भूतानच्या वनखात्याची माणसं आपली मेमरी कार्डं घेऊन आली होती. दोन्हीकडचे फोटो एका टेबलावर बसून जुळवायचे होते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, शिवाय एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी बांधतात. त्यातला एक बंद पडला की अर्धाच वाघ हाती लागतो. नदीकाठच्या आमच्या एका जागी हत्तीनं एक कॅमेरा मोडून टाकला होता. तिथून गेलेल्या वाघिणीची फक्त डावी कूस आमच्याकडे होती, तीही पहाटेच्या धुक्यातली.

दुपारी भूतानच्या एका कार्डावर एक वाघीण आली. दोन्ही कुशी स्वच्छ. डाव्या खांद्यामागे दोन पट्टे खाली उतरून एकमेकांना मिळाले होते आणि त्यांच्या मध्ये एक सुटा काळा ठिपका होता. मी आमचा फोटो शेजारी उघडला. ठिपका होता!

"तीच आहे," मी म्हणाले.

शेजारी बसलेले भूतानचे वनाधिकारी बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे पाहत राहिले. मग हिंदीत म्हणाले, "मॅडम, वेळ बघा."

तारीख एकच होती. त्यांचा फोटो पहाटे ५ वाजून ५ मिनिटांचा, आमचा ५ वाजून १० मिनिटांचा. मध्ये दीड किलोमीटर जंगल आणि नदी. पाच मिनिटांत हे अंतर कोणता वाघ कापणार? आमचा फोटो तिरका होता. ठिपका चिखलाचाही असू शकत होता. मी जड मनानं दोन वाघिणी लिहिल्या.

चहा आला. आमचे नावाडी दादा उंबऱ्याशी येऊन म्हणाले, "किती वाजले? पाहुण्यांना उजेडात पोचवायचंय." मी म्हणाले, "तीन." त्याच वेळी भूतानचा एक मुलगा म्हणाला, "साडेतीन."

क्षणभर कोणीच बोललं नाही. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. दोघांनीही आपापले कॅमेरे आपापल्या घड्याळाला लावलेले. त्यांचे ५ वाजून ५ म्हणजे आपले ४ वाजून ३५. वाघिणीला पस्तीस मिनिटं मिळाली होती. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, आणि वाघ पोहण्यात पटाईत. सगळं जुळलं. पुन्हा एकेक पट्टा मोजला, मग मी यादीतलं एक नाव खोडलं.

आमच्याच एका वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "म्हणजे आकडा एकानं घटला?" घटला. पण इतके दिवस अर्धी असलेली ती वाघीण आता आमच्याकडे पूर्ण होती, आणि तिचं येणं-जाणं कुठून होतं ते दोन्हीकडच्या गस्तीला कळलं होतं. मला त्या आकड्यापेक्षा याचं मोल फार वाटतं.

मानसला १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण १९९२ मध्ये ते धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं आणि २०११ मध्येच तिथून बाहेर आलं. अशांततेच्या त्या काळात इथला गेंडा संपला होता. दादांनी ते सगळं पाहिलेलं. परतीच्या होडीत वल्हं मारत ते म्हणाले, "तेव्हा इकडे गोळ्या चालायच्या ना, तर जनावरं अशीच पाण्यात उतरून पलीकडे जायची. आम्ही काठावरून बघायचो." मग वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच उतार."

पाहुण्यांना उतरवताना आम्ही पुढच्या हिवाळ्याचं ठरवून टाकलं. कॅमेरा सुरू केला की आधी पाटी धरून त्याच्यासमोर उभं राहायचं. पाटीवर जागेचा क्रमांक, तारीख, आणि दोन्ही देशांची वेळ.