मे महिन्यातच मेलेली

सकाळी साडेसहाला चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं टक् टक् टक्. डॅशबोर्डचे दिवे लागत होते, पण सेल्फ मारला की तेही मंद.

"थंडीमुळे असेल," वॉचमनकाका म्हणाले. येऊरच्या डोंगरावरून उपवन तलावाकडे गार वारं उतरतं हे खरं, पण ठाण्याची थंडी ती केवढी! १७ अंश झाले की आपण कपाटातून कानटोप्या काढतो.

गॅरेजमधला पोरगा आला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली होती. ती गरम पाण्याने धुतली, क्लॅम्प आवळला. तरी टक् टक्. मग मीटर लावला. ११.९ व्होल्ट. "भरलेली असती तर १२.६ दिसले असते. आता सेल्फ मारा." मारला. आकडा धाडकन ८ च्या खाली.

"ताई, थंडीने नाही मेली ही. मे महिन्यातच मेलेली. उन्हाने आतून खाल्ली. थंडीत ऑइल जड होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणून आज उघडं पडलं इतकंच."

चार वर्षं जुनी बॅटरी. मे महिन्यात गाडी दिवसभर उघड्या डांबरावर, आणि माझी कुरकुर फक्त सीट तापते याची. दिवाळीपासून सेल्फ रेंगाळत होताच की. घर्र... घर्र... मग सुरू. एकदा सुरू झाली की मी रेडिओ लावून मोकळी.

संध्याकाळी आईला फोन केला. गुडघा कसा आहे विचारलं.

"थंडीने जरा धरलाय गं."

थंडीनेच ना, आई?