तुम्ही विचारलंत म्हणून: दारूनं शुगर वाढते का?

मला मधुमेह आहे हे कळलं की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "थोडी घेतली तर शुगर वाढते का हो?" बिअरनं किंवा गोड शीतपेय मिसळलेल्या दारूनं सुरुवातीला वाढतेही. पण मला धास्ती आहे ती साखर उतरण्याची, आणि ती कुणी विचारत नाही.

दोन जेवणांच्या मध्ये रक्तातली साखर सांभाळतं ते यकृत. ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ते मोडतं, शिवाय नवं ग्लुकोजही बनवतं. दारू पोटात गेली की तिचा निचरा करणं हे त्याचं पहिलं काम होऊन बसतं आणि नवं ग्लुकोज बनणं मंदावतं. उपाशीपोटी प्यायलेलं असेल तर साठाही आटत आलेला असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी मात्र साखर खाली ओढतच राहते. हे पिताना जाणवत नाही. झोपेत होतं, कधी दुसऱ्या दिवशी. 24 तासांपर्यंत धोका असतो.

मी इन्सुलिनवर आहे. एका रात्री दोन पेग झाले, जेवण नुसतं चिवडलं. झोपताना मीटरवर 150 दिसलं म्हणून निर्धास्त आडवा झालो. पहाटे माझ्या बरळण्यानं बायको जागी झाली. अंग घामानं थबथबलेलं, जीभ जड. तिला वाटलं, दारू अजून उतरली नाही, झोपू दे. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं बोटाला सुई टोचली. 46. मला गिळता येत होतं म्हणून साखरेच्या पाण्यावर निभावलं.

शुगर उतरलेला माणूस आणि दारू चढलेला माणूस दिसायला सारखेच. आणि यकृतातला साठा संपलेला असेल तर साखर वाढवायला देतात ते ग्लुकागॉनचं इंजेक्शनही हवं तसं लागू पडत नाही.

म्हणून घेणारच असाल तर आधी पोटभर जेवा, झोपण्यापूर्वी शुगर तपासा, 150 दिसली तरी विसंबू नका, आणि सोबतच्या एकाला तरी आपला मधुमेह माहीत असू द्या. नेहमी भरपूर पिणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी: स्वादुपिंडाला सूज, रक्तात वाढलेली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती. डॉक्टरांना पेगचा आकडा खरा सांगा.

मी आता घेत नाही. बायकोनं तसं कधी म्हटलं नाही. पण अजूनही रात्री मी कूस बदलली की ती माझ्या कपाळाला हात लावून घाम आहे का बघते.