जरा थांबा, विचारून सांगते

मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटना आता एका चौकटीत दोन दारे असतात, बाहेर लोखंडी जाळीचे आणि आत लाकडी. शिवाय लॅच, साखळी आणि डोळ्याच्या उंचीवर बसवलेले भिंग. एवढा जामानिमा असूनही बेल वाजली की पुष्कळ घरांत आधी दार उघडले जाते आणि मग "कोण?" असे विचारले जाते, कारण दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. माझ्या मते भामट्यांची खरी भिस्त कच्च्या कुलपावर नसून या संकोचावर असते. भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणतात ते उगीच नव्हे.

दागिने पॉलिश करून देणाऱ्यांची जुनीच युक्ती पाहा. दुपारी, घरातली कर्ती माणसे कामावर गेलेली असताना, नीटनेटक्या कपड्यांतले दोघे जण कसल्याशा पावडरीचा नमुना घेऊन येतात. आधी देवघरातली तांब्याची पळी फुकटात लखलखीत करून देतात, मग चांदीचे पैंजण, आणि एवढ्यात "बसा, पाणी देते" म्हणण्याइतकी ओळख झाली की बांगड्या आणि मंगळसूत्र. एरवी कशालाही दाद न देणारे सोने हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, विरघळते, आणि हेच गुपित त्यांच्या बाटलीत असते. उरलेला दागिना हळदीच्या पाण्यात घालून, डबा लगेच उघडू नका असे बजावून, ते जिना उतरतात. डबा उघडल्यावर हाती येतो तो वजन घटलेला दागिना, आणि कधी कधी नुसतेच पिवळे पाणी. या सगळ्यात दाराची कडी आतूनच काढली गेलेली असते.

गिरगाव-लालबागच्या चाळींत दारे दिवसभर सताड उघडी असत, पण परका माणूस वर आला की "कोण हवंय?" हा प्रश्न त्याला गॅलरीत दर चार पावलांवर ऐकावा लागे, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नसे. (तेच डोळे आपल्याकडे कोण आले आणि किती वेळ बसले याचाही हिशेब ठेवत, त्यामुळे मी त्या दिवसांसाठी फार हळहळत नाही.) आता ते काम रखवालदाराच्या रजिस्टरकडे आणि मोबाइलमधल्या ॲपकडे गेले आहे. रजिस्टरमधल्या सह्या कोणी वाचत नाही आणि ॲपवरची परवानगी आपण भाजी चिरता चिरता देऊन टाकतो.

मागे एकदा पाइप गॅसची जोडणी तपासायला आलेल्या तरुणाने ओळखपत्र भिंगासमोर धरले आणि म्हणाला, "काकू, माझ्या कार्डावरचा नको, तुमच्या बिलावरचा नंबर फिरवून विचारा, मी थांबतो." फोन लागेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. खऱ्या कामावर आलेल्याला थांबण्याचे वावडे नसते. "लवकर करा, वरच्या मजल्यावर जायचंय" अशी घाई जो करतो, त्याच्यासाठी साखळी काढू नये आणि संशय बळावला तर ११२ फिरवावा. फोनवरून 'डिजिटल अटक' करणाऱ्या तोतया पोलिसांचे हत्यारही घाईच असते. अशी अटक कायद्यात नाहीच, पण फोन खाली ठेवणे उद्धटपणाचे वाटल्यामुळे भली शिकलेली माणसेही तासन्‌तास त्यांच्यासमोर बसून राहतात. अशा फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे आपली सावधगिरी कपडे पाहून कमीजास्त होते. घरकामाच्या बाईची पिशवी गेटवर उघडायला लावणाऱ्या सोसायट्या टाय लावून आलेल्या विक्रेत्याला सलाम करून आत सोडतात. आमच्या मजल्यावरच्या आजींना हा भेदभाव मंजूर नाही. जाळीचे दार न उघडता त्या सर्वांची सारखीच उलटतपासणी घेतात: कुरिअरवाल्याची, बँकेच्या माणसाची आणि डोळ्यांवर चष्मा नसला तर स्वतःच्या जावयाचीही. जावईबापूंना ते अजून फारसे रुचलेले नाही.